चांगुणाबाईंचा ओटा आणि नऊ मतांची वाटणी

“नवाचे निम्मे किती होतात ते सांग आधी. नववीत शाळा सोडलीस आणि मला राज्यकारभार शिकवतोस,” ऐसे थोरले आजोबा हिराजी तांडेल जेवता जेवता बोलिले, आणि आम्ही बोलिलो की, “साडेचार,” मग ते बोलिले की, “अर्धा माणूस बटण दाबतो काय? म्हणून नवव्याने घरी बसायचं. नववा तू. विषय संपला.”

खाडीच्या पाण्यास, धक्क्यावरल्या मारुतीस आणि हे वाचील त्यास मुजरा करोन लिहिणे ऐसे की, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, नाव सांगून उपयोग नाही अशा एका खाडीकाठच्या राज्यात गादीची निवडणूक लागली, ते समयी जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले आहे, पदरचे घातले नाही. राज्य केवढे म्हणाल तर पंचेचाळीस घरं, तीनशे एकवीस मतं, एक धक्का आणि एक मासळी बाजार. गादीसाठी दोघे सरदार उभे राहिले, एक कढई निशाणीचे यशवंतशेठ आणि दुसरे शिडी निशाणीचे बाळकृष्ण मास्तर. यशवंतशेठांनी घरोघर जो कागद वाटला त्यावर रंगीत चित्रच छापिले होते की मासळी बाजार पाडून तेथे काचेची दुमजली इमारत होईल आणि वर हॉटेल होईल आणि खाली गाड्या लागतील, आणि आम्ही ते चित्र उलटेसुलटे करोन पाहिले तर त्यात मासे विकणारी एकही बाई नव्हती, एक कुत्रा मात्र होता. मास्तरांचे म्हणाल तर मागली पाच वर्षे गादीवर बसोन त्यांनी एक गटार धड काढले नाही आणि ते भाषणास उभे राहिले की लोक चपला शोधू लागत, परंतु बाजार हलणार नाही आणि त्यावरचे पत्रे बदलू, एवढे त्यांनी सहीनिशी लिहून दिले होते. आणि त्या बाजारात दारापासून तिसरा ओटा आमच्या मातोश्री चांगुणाबाई यांचा. बावीस वर्षे त्या त्यावर बसत आल्या. वडिलांची होडी वर्षाचे चार महिने किनाऱ्यावर उपडी पडून असते, ओटा एक दिवस रिकामा नसतो, आमच्या घरी जे शिजते ते त्या ओट्यावरून येते. म्हणोन आमचे म्हणणे साधे होते की मास्तर कसे का असेनात, नऊच्या नऊ मतं शिडीस घालावी.

परंतु आजोबांचा कायदा निराळा. फार वर्षांमागे मोठे वादळ जाहले ते साली आमच्या घराने सगळी मतं एकाच सरदारास दिली होती आणि तो सरदार पडला होता, आणि मग वारा सुटला आणि घरावरचे पत्रे उडाले आणि जिंकलेल्यांची माणसं ताडपत्री वाटीत आली ती आमच्या दारावरून न थांबता पुढे गेली, आणि आजी तीन दिवस ओल्या भिंतीशी बसल्या आणि चौथ्या दिवशी तापाने गेल्या. तेव्हापासून आजोबांनी ठरविले की घरची मतं निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे, म्हणजे कोणी का गादीवर बसेना, आमची चार तुमच्यात आहेत असे सांगून त्याच्या दारात उभे राहता येते. आजीचे नाव निघाले की आम्हीही गप्प होतो, हेही लिहितो. मग आजोबांनी वाटणी केली ती ऐसी की पुरुषांची चार मतं शिडीस आणि बायकांची चार कढईस, का तर लक्षात ठेवायला सोपे. ऐकोन आम्ही ताट सरकविले आणि बोलिलो की, “म्हणजे आईने स्वतःचाच ओटा पाडायला बटण दाबायचं?” तेव्हा वडील भिंतीकडे पाहू लागले आणि काका बोलिले की, “दोन्ही पक्ष सारखेच रे, आज इकडे असतात आणि उद्या तिकडे, तू कशाला तापतोस,” आणि मातोश्री कालवण वाढीत बोलिल्या की, “ओरडू नकोस. बाजारात तीस बायका बसतात. एकटीच्या मताने काय होतंय.”

“सगळ्या असंच म्हणाल्या तर?”

“सगळ्यांच्या घरी तुझा आजा आहे काय,” ऐसे बोलोन त्या हसल्या, आणि आजोबाही हसले, आणि आम्ही तसेच उठलो.

मग मतदानाचा दिवस उगवला आणि आजोबांनी इस्त्रीची टोपी घातली आणि बाकी सात जणांना मोहिमेवर धाडावे तैसे रांगेने बाहेर काढिले, आणि आम्ही धक्क्यावर गेलो. तेथे पिंपावर कॅरम मांडिला होता आणि भोवती दहा-बारा असामी होत्या, कामाच्या दिवशी कधी एकत्र न दिसणाऱ्या. दिगंबर रिक्षावाला बोलिला की, “तू गेला नाहीस?” आम्ही बोलिलो की, “डोकं फिरलंय. तू?” तो बोलिला की, “यादीत नाव नाही.” जाळी विणणारा सलीम बोलिला की, “मला दोघंही पसंत नाहीत, कोणीही आला तरी डास तेवढेच,” आणि कोणी बोलिला कंबर धरली आहे, कोणी बोलिला चुलीत घाला ते मतदान. सगळ्यांनी फळीवर डावे हात टेकिले होते आणि एकाही बोटावर शाई नव्हती, हे आम्ही पाहिले. पाहिले आणि काय आळशी राज्य आहे असे म्हणोन स्ट्रायकर मारिला, आणि राणी घेतली, आणि चार डाव खेळलो. ते पाहूनही आम्हास काही कळले नाही, हे लिहिताना कान तापतात.

दुसरे दिवशी सकाळी शाळेत मोजणी जाहली. निवडणुकीच्या साहेबांनी यंत्र उघडून वाचिले की कढई एकशे एकावन्न आणि शिडी एकशे एकावन्न, आणि मग चष्मा पुसोन पुन्हा वाचिले, आणि तेच निघाले. शाळेच्या पटांगणात सगळे राज्य उभे होते. मग साहेब बोलिले की कायद्याने आता चिठ्ठी टाकावी लागेल, आणि पाचवीतली एक मुलगी, निळा गणवेश, दोन वेण्या, तिला वर्गातून बोलाविले आणि स्टीलच्या डब्यात दोन घड्या टाकिल्या आणि तिचे डोळे रुमालाने बांधिले. साऱ्या राज्यात जिला मत नव्हते तिने मग राजा नेमिला. तिने हात घातला आणि एक घडी काढिली आणि साहेबांनी उघडिली ती कढई. यशवंतशेठांच्या मुठीत गुलाल होता तो बराच वेळ मुठीतच राहिला, कारण त्यांनाही आपण जिंकलो की काय जाहले हे समजेना. आणि ती मुलगी विचारू लागली की, “मी बरोबर काढली ना?”

मग बाजारात तोंडं सुटली. मातोश्रींच्या शेजारी बसणाऱ्या रेश्माकाकू कमरेवर हात ठेवोन बोलिल्या की, “आमची सहा. तीन-तीन टाकली. म्हटलं, बाकीच्या आहेत की,” आणि पलीकडची बोलिली की, “आमचीही चार-चार,” आणि तिच्या पलीकडची बोलिली की, “आमची सात होती, तर धाकट्याला म्हटलं तू धक्क्यावर जा,” आणि एकीची नवी सून बोलिली की, “मला सासूबाईंनी डोकं दुखतंय असं सांगायला लावलं.” आम्ही तसेच धक्क्यावर पळालो आणि दिगंबरास कॉलरीस धरिले आणि विचारिले की यादीत नाव खरंच नव्हते काय, आणि तो खाली पाहोन बोलिला की, “घरी अकरा मतं आहेत. बा म्हणाला, तू राहा.” सलीमच्या घरी पाच. कंबरवाल्याच्या घरी सात. दोघा सरदारांच्या घरची तेवढी सहा-सहा मतं अखंड पडली होती, बाकी राज्यातल्या प्रत्येक घराला वाटले होते की ही युक्ती आपल्या एकट्याचीच आहे. एकोणीस जण उरले होते, आणि त्या एकोणिसांतला एक कोणीही उठोन मत घालायला शाळेपर्यंत चालत गेला असता तर, आणि त्यांत आम्हीही होतो, शाळा धक्क्यापासून चार मिनिटांवर आहे.

घरी येवोन मातोश्रींस विचारिले की, “तू खरंच दाबलंस?” त्या कोयती धूत होत्या. “दाबलं,” त्या बोलिल्या, “जरा थांबला होता हात. मग वाटलं, रेश्मा आहे, बाकीच्या आहेत.” मग आजोबा इस्त्रीची टोपी घालोन उठिले आणि बोलिले की, “घाबरता कशाला, याच दिवसासाठी चार मतं ठेवली होती,” आणि यशवंतशेठांच्या दारी गेले आणि आम्ही मागे गेलो. आजोबांनी हात जोडोन सांगितले की, “शेठ, आमची चार तुमच्यात आहेत, तेवढा तिसरा ओटा सोडा.” शेठांनी त्यांस खुर्ची दिली, पाणी दिले आणि हळू बोलिले की, “बाबा, सकाळपासून बावीस घरं येऊन गेली. सगळ्यांची निम्मी माझ्यात आहेत आणि निम्मी मास्तरांत. मी नक्की कोणाचं ऐकू?” आजोबांनी पाणी तसेच ठेविले. येताना त्यांनी टोपी काढोन हातात घेतली होती, त्यांस रस्त्यात बोडके आम्ही पहिल्यांदा पाहिले.

मग पौष मासी ओटे मोकळे करण्याची नोटीस लागली आणि आज ती मुदत सरली. थोडक्यात लिहिणे ते हे की, मताने काय होते असे जे विचारतात त्यांनी आमच्या बाजारात येवोन पाहावे काय होते, आणि पक्ष दोन्ही वाईट असतील तरी त्यांतला एक आपला ओटा पाडतो आणि एक पाडीत नाही, एवढा फरक ज्यास पुरत नाही त्याने आपला ओटा कोठे आहे ते आधी पाहावे, आणि दोन्ही दारांत पाय ठेविला म्हणजे, परंतु हे पुरे लिहिता येत नाही, कारण दिगंबर खालून हाका मारतो आहे की पाडकामाचे पिवळे यंत्र बाजाराच्या दारात आले आणि मातोश्री तिसऱ्या ओट्यावर पाटी घेवोन बसल्या आहेत आणि उठत नाहीत, आणि शेजारचे ओटे अजून रिकामे आहेत. मला आता निघायला पाहिजे.