एक नंबरचा फोन

मंडळी, मी माउसला हात लावत नाही! ही गोष्ट मी ऑफिसात इतक्यांदा सांगितली आहे, की आता मी तोंड उघडलं की लोक चहाला उठतात.

आम्ही ज्या फ्रेमवर्कमध्ये मोबाइल ॲप बनवतो, त्यात काम करायचे दोन रस्ते आहेत. एक आयडीई. म्हणजे रंगीत बटणं, मेनू, आणि ॲप कुठल्या फोनवर जाणार त्याचं नाव वर ठळक अक्षरांत. दुसरा रस्ता कमांड लाइनचा. काळी खिडकी उघडायची, हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचं, विषय संपला! मी काळ्या खिडकीवाला. आयडीईवाल्यांना मी पांगुळगाडा पार्टी म्हणतो.

आमच्या टीमलीड बाई समजवायच्या, "अरे, दोन्ही वापर. झटपट कामाला कमांड लाइन, नजर ठेवायला आयडीई."

"बाई, ज्याला पोहता येतं त्याने पाठीला डबा कशाला बांधायचा?" इति अस्मादिक.

त्या दिवशी मी घरून डेमो देणार होतो. एका मोठ्या हॉस्पिटलचे सर्जन व्हिडिओ कॉलवर पेशंटांसाठीचं आमचं ॲप बघणार होते. पसंत पडलं तर काम आमच्याकडे राहणार, नाहीतर ते दुसऱ्या कंपनीला आणि मी घरी, कायमचा! बाईंनी हे अगदी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं.

मी ऐटीत हुकूम सोडला. काळ्या खिडकीने विचारलं, कुठल्या फोनवर? खाली यादी दिली. यादी वाचतो कोण! एक नंबर म्हणजे माझा फोन, हे ठरलेलं. मी एक दाबलं.

आता मला नंतर कळलेली गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगतो. सासूबाई राहायला आल्या होत्या. त्यांचा चार्जर बिघडला म्हणून बायकोने त्यांचा फोन माझ्या लॅपटॉपला जोडला होता. तो फोनही माझाच, टेस्टिंगचा जुना, त्यांना भेट दिलेला. त्याने ॲप मुकाट्याने घेतलं. मग सासूबाई आल्या आणि फोन काढून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

कॉल सुरू झाला. सर्जन ऑपरेशनच्या हिरव्या कपड्यांत, डोक्याला टोपी. मी माझा फोन कॅमेऱ्यासमोर धरला. "आता बघा डॉक्टर, पेशंटला निरोप कसा जातो!"

'उद्या सकाळी आपली शस्त्रक्रिया आहे. रात्रीपासून काही खाऊ नये.' लॅपटॉपवर टाइप केलं आणि एंटर! माझा फोन ढिम्म.

"नेटवर्क," मी म्हणालो. दुसरा सोडला. 'सोबत जवळचे नातेवाईक आणावेत.' ढिम्म! स्क्रीनवर बाईंचा चेहरा उतरत चालला होता. मी तिसरा सोडला. 'घाबरू नये.'

स्वयंपाकघरात ताट पडलं!

सासूबाई धावत आल्या, मागोमाग बायको. "जावईबापू, मला काय झालंय? खरं सांगा!" तेवढ्यात त्यांना स्क्रीनवरचे सर्जन दिसले. "बघ गं! माझ्यापासून लपवून डॉक्टरांशी बोलणी चाललीत!"

"मावशी, तुमचं कसलंही ऑपरेशन नाही हो," सर्जन घाईघाईने म्हणाले.

"म्हणजे ऑपरेशन करण्यापलीकडे गेलंय?" सासूबाई मटकन खाली बसल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेली नोकरी तर गेली! मी कॅमेऱ्यासमोरच त्यांच्या पायाशी बसलो. "आई, तुम्ही ठणठणीत आहात. मी गाढव आहे. यादी न वाचता माझं ॲप तुमच्या फोनवर टाकलं."

सासूबाईंनी डोळे पुसले आणि मग त्यांचा पारा चढला. "आणि 'घाबरू नये' असं कोण लिहितं हो? तोवर नुसती काळजी वाटत होती, ते वाचून घाम फुटला! कसलं ऑपरेशन ते नाही, कुणाला विचारायचं ते नाही!"

बाईंनी कपाळाला हात लावला. सर्जन मात्र पोट धरून हसत होते. "ॲप चालतंय, याबद्दल आता माझी खात्री पटली," ते म्हणाले. "काम तुमचंच. पण अट एक. प्रत्येक निरोप पेशंटला जाण्याआधी मावशींच्या फोनवर जायचा!"

तेव्हापासून मी काम काळ्या खिडकीत करतो, पण पाठवताना निमूटपणे आयडीई उघडतो आणि फोनचं नाव पहिलीतल्या पोरासारखं बोट ठेवून वाचतो. सासूबाईही आता सरावल्यात. निरोपांत त्यांचे दोन्ही गुडघे बदलून झाले, मोतीबिंदू निघाला, अपेंडिक्स तर दोनदा काढलं. एकदाही फोन चुकला नाही! परवा मात्र घाईत मजकूर न बघता त्यांना प्रसूतीची तारीख पाठवली.

पाचच मिनिटांत त्यांचा फोन. "जावईबापू, निरोप पोचला. तुमच्या सासऱ्यांना तुम्ही सांगताय, की मी सांगू?"