साच्यात पडलेलं हिरवं पाकीट

"यंत्राला नुसतं तेल पाजून भागत नाही, त्याचे लाडही करावे लागतात!" आलुआन लग्न होऊन कारखान्यात आली तेव्हापासून हे ऐकवत होती. तैवानमधल्या ताइचुंगच्या तिच्या कारखान्यात प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर खोबऱ्याच्या चवीच्या मक्याच्या खाऊचं एक हिरवं पाकीट. हिरवंच हं! दुसऱ्या रंगाचं ठेवलं की यंत्र रुसून बसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पण तिच्या थोरल्याने, कुआनतिंगने, नवं दाबयंत्र आणलं आणि वर फर्मान काढलं, "आई, याच्यावर काहीही ठेवायचं नाही! आज डच गिऱ्हाईक येतंय. सायकलच्या सीटचं कवच त्याच्या डोळ्यांदेखत बनवायचंय. फसलं तर यंत्र विकतो आणि सिंचूला चिपच्या कंपनीत नोकरी धरतो!"

सिंचू! म्हणजे पोरगा फक्त सणाला तोंड दाखवणार!  आलुआनचं तोंड मात्र तिखटच.

"नोकरी धरतोय! आणि हा तुझा नवा माल रे कसला? आमचं जुनं कार्बनचं कापड एकदा शिजून कडक झालं की जन्मभर कडक, माझ्या सासूसारखं. हा मेला तापवला की पुन्हा लोळागोळा. अगदी तुझ्या बापासारखा!"

कोपऱ्यात चहा पिणाऱ्या बापाने कप या हातातून त्या हातात घेतला.

पोराची पाठ वळली तशी आलुआन स्टुलावर चढली आणि वरच्या साच्याच्या काठावर पाकीट ठेवून आली. एवढं मोठं गिऱ्हाईक, आणि यंत्र बिचारं उपाशी?

गिऱ्हाईक आलं. माणूस कसला, विजेचा खांब! शटरखालून वाकूनच आत शिरला. जुना कारागीर आशुई याने तापवणाऱ्या दिव्यांच्या भट्टीतून कार्बन आणि नायलॉनचा काळा पत्रा काढला. गरम पोळीसारखा लोंबत होता. गार व्हायच्या आत तो साच्यावर टाकला, कळ दाबली. वरचा साचा धाडकन खाली आला आणि त्या हिसक्यासरशी पाकीटही उडी मारून आत!

फट्ट!

यंत्र उघडलं. झकास काळं कवच! आणि मधोमध चपटं हिरवं पाकीट, भोवती मक्याचे गोळे, जणू देवापुढची रांगोळी.

"आई!!"

"काय आई? यंत्र चाललं की नाही?"

"पाकिटावरून चाललं!"

"मालकीणबाई," आशुई कुजबुजला, "पाकिटाची मुदत तरी बघितली होती का?"

मुदत! आलुआनचा चेहरा पडला. यंत्रालाच शिळं वाढलं होतं तिने!

"दुसरा पत्रा आण!" ती ओरडली.

"हा शेवटचाच होता! सकाळच्या चाचण्यांत सगळे संपले. झालं, आई. मी सिंचूला फोन करतो."

"फोन ठेव! हा माल पुन्हा लोळागोळा होतो ना रे? मग तापव परत!"

कवच भट्टीत गेलं, मऊ पडलं. कारखानाभर खोबऱ्याचा खमंग वास सुटला. आलुआन स्वयंपाकघरातून उलथणं घेऊन धावली आणि करपलेलं आम्लेट खरवडावं तसं पाकीट खरवडून काढलं. "दाब आता!"

कवच पुन्हा निघालं. गुळगुळीत! फक्त टोकावर नखाएवढा हिरवा ठिपका चिकटून राहिला.

गिऱ्हाइकाने नेमकं त्याच ठिपक्यावर बोट ठेवलं आणि लांबलचक काहीतरी विचारलं. आलुआनला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण गिऱ्हाइकाने मालावर बोट ठेवलं की मान डोलवायची, हा तिचा धंद्याचा मंत्र. तिने जोरात मान डोलवली, वर अंगठाही दाखवला.

गिऱ्हाईक खूश! त्याने पांढऱ्या पेनाने कवचाच्या पोटावर सही ठोकली. नमुना पसंत!

"बघ! सिंचू रद्द!" आलुआनने पदर नसताना पदर खोचल्याचा आव आणला.

कुआनतिंग मात्र पांढराफटक. "आई, त्याने विचारलं, पुन्हा वितळवता येणाऱ्या मालाची ही तुमची खूण का? आणि तू हो म्हणालीस!"

"मग? चांगलंच की!"

"आता सगळा माल सही केलेल्या नमुन्यासारखाच द्यावा लागणार. ठिपक्यासकट. त्याच जागी. तेवढाच!"

म्हणून हल्ली आलुआन सकाळपासून चष्मा चढवून, हातात चिमटा घेऊन भट्टीपाशी बसते आणि प्रत्येक पत्र्यावर पाकिटाचा हिरवा तुकडा मोजूनमापून ठेवते. आतला खाऊ नवरा आणि आशुई संपवतात. दोघांच्याही विजारी बसेनात. कुणी विचारलं तर ती मान वर न करता सांगते, "नक्षी माझी आहे!"

आणि नव्या यंत्राच्या डोक्यावर पाकीट? कुठलं ठेवणार! सगळी साच्यातच जातात!