बत्तिसावा दात

कट्!

पंधरा मिनिटं स्वयंपाकघरात कोणी एक शब्द बोललं नव्हतं, म्हणून तो आवाज जरा मोठाच वाटला. डोमाजींच्या घासात खडा आला होता. साधनानं मान खाली घातली. तांदूळ तिनंच निवडले होते. पण आज तिचं तरी लक्ष कुठं होतं? धाकटा दीर शालिकराम बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शंभरात त्रेचाळीस मार्क घेऊन घरी आला होता, आणि तो कागद सकाळपासून देवळीत कुंकवाच्या डबीखाली दाबून ठेवला होता.

डोमाजींनी बोटांनी आधी खडा काढला, मग अर्धा दात काढला. दोन्ही थाळीच्या काठावर शेजारी शेजारी ठेवून ते बराच वेळ पाहत राहिले.

"सूनबाई, आपल्या वॉर्डात दाताचा डॉक्टर हाय का कोणी?"

"नाही, मामाजी."

"मंग ठरलं. याले दाताचा डॉक्टर करू."

शालिकरामचा घास हातातच राहिला. "बाबा, त्रेचाळीस मार्कांत कोण घेईन मले?"

"तोंडात दात बत्तीस असतात," डोमाजी गंभीरपणे म्हणाले. "तुले तर अकरा जास्त भेटले."



अर्ज गेला. दूरच्या शहरात नवं दंत कॉलेज निघालं होतं. तिथून मुलाखतीचं बोलावणंही आलं. पण त्याच रविवारी साधनाचा नवरा खेमराज नोकरीच्या गावाहून, बैहरहून घरी आला, आणि त्यानं दुसरी बातमी आणली. जंगलाच्या कूपात, जिथं ठेक्यानं लाकूडतोड चालते तिथं, हिशेब लिहिणाऱ्या मुनशीची एक जागा होती; ठेकेदार महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. "कॉलेजात नाही लागला, तर पहिल्या तारखेपासून कूपात," एवढं बोलून तो सोमवारच्या बसनं परत गेला.

शालिकराम आणि जंगल! कुत्रं भुंकलं तरी वहिनीच्या मागं उभा राहणारं पोर ते. साधना या घरात लग्न होऊन आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याचा एक दुधाचा दात तिनंच छपराच्या कवेलूंवर फेकला होता, आणि पडवीच्या खांबाला टेकवून पाढेही तिनंच म्हणून घेतले होते. सत्तावीसच्या पाढ्याशी तो रडायचा, तेव्हा ती हळूच सव्वीसवरून अठ्ठाविसावर उडी मारायची. आता त्रेचाळीस मार्क पाहून तिला वाटत होतं, यातले दोनचार तरी आपणच खाल्ले.

उपाय सांगितला तो दवाखान्यातल्या टिकाराम कंपाउंडरनं. ओट्यावर बसून, बशीतला चहा फुंकत तो म्हणाला, "तिथं पोरायले पहिल्याच साली खऱ्या माणसाचे दात जमा करा लागतात. भीक मागत फिरतात बिचारे. आता जो पोरगा मुलाखतीलेच बत्तीसच्या बत्तीस घेऊन उभा राहीन, त्याले कोण म्हणन का जा घरी?"

डोमाजींनी थाळीतला तो अर्धा दात जपूनच ठेवला होता. ते लगेच उठले. "एक तर झाला."

"अर्धा झाला," टिकाराम म्हणाला.

त्या दिवसापासून डोमाजी वॉर्डात फिरू लागले. लोक लग्नाच्या अक्षता घेऊन जातात तसे ते दारोदारी जात, पाणी पीत, मुलाबाळांची चौकशी करत, आणि निघताना दाताचा विषय काढत. लोकांनीही मागंपुढं पाहिलं नाही. ज्याची दाढ ठणकत होती तो आजवर दवाखान्याला भीत होता. आता शिक्षणाला मदत म्हणून हसत टिकारामच्या पकडीखाली बसू लागला. शेजारच्या मैनाबाईनं आपले पडलेले चार दात सुपारीच्या डबीत ठेवले होते. ते तिनं एका अटीवर दिले.

"डॉक्टर झाला का पह्यली कवळी माही."

"तुहीच," डोमाजींनी वचन दिलं.

पलीकडच्या घरच्या महागूनं दोन दाढा आणल्या. टिकारामनं एक उजेडात धरून पाहिली.

"अबे महागू, ही बकरीची हाय!"

"बकरी बी घरचीच हाय ना," महागू दुखावून म्हणाला. नंतर त्यानं स्वतःचा एक सुळा दिला, पण त्यानंतर डोमाजींशी धड बोलला नाही.

साधनाकडं धुण्याचं काम होतं. ती दात सोड्याच्या पाण्यात उकळी, राखेनं घासी, आणि सुपात वाळत घाली. सात वर्षांची सरिता शेजारी बसून मोजणी करायची. वीस झाले, सत्तावीस झाले, तीसही झाले. अडलं ते अक्कलदाढेशी. टिकारामच्या हिशेबानं चार लागत होत्या आणि मिळाल्या होत्या तीन.

"बाकीचे दात लोक देऊन टाकतात," डोमाजी म्हणाले, "पण अक्कल कोणी सोडत नाही."

शेवटी गाडीच्या आदल्या दिवशी दवाखान्यात एका हवालदाराची निघाली. बत्तीस पुरे! साधनानं ते सगळे शेवटचं ऊन दाखवायला अंगणात ठेवले आणि दिराच्या पँटीचा काज शिवायला आत गेली. बाहेर आली तेव्हा सुपात मैनाबाईची कोंबडी उभी होती.

सरितानं तीनदा मोजले. एकतीस. गेली होती ती हवालदाराचीच दाढ.

"मैनाबाई, कोंबडी कापा लागते," टिकाराम म्हणाला.

"काहून? अंड्यावर हाय ते! तुहीच मान देतो का तिच्या बदल्यात?"

मग दुपारी चारपर्यंत शालिकराम हातात काडी घेऊन कोंबडीच्या मागं फिरला. दंतवैद्यकाचा त्याचा पहिला अभ्यास तो हाच. कोंबडीनं सगळं दिलं, दाढ दिली नाही. साधना चुलीपुढं बसून राहिली. खडा तिच्या हातून राहिला होता, आता दाढही तिच्याच हातून गेली. पोरगं जंगलात जाणार ते आपल्यापायी, हे तिच्या मनातून जाईना.

"टिकाराम," डोमाजी ओट्यावरून म्हणाले, "पक्कड आणली का?"

डोमाजींच्या तोंडात सगळे मिळून सहा दात उरले होते. त्यांतली धड अशी एकच, डावीकडची शेवटची अक्कलदाढ. हरभरा, लाखोळी, भाकरीचा काठ, जे काही चावायचं ते त्या एकीच्या भरवशावर.

"मामाजी, नका!" साधना धावत बाहेर आली. "तुमी जेवसान कशानं?"

"पेजेले दात लागते का?" त्यांनी तोंड उघडलं आणि डोळे मिटून घेतले.

दाढ पक्की होती. टिकारामला घाम फुटला, शालिकरामनं तोंड फिरवलं, आणि डोमाजींनी साधनाच्या पदराचं टोक मुठीत असं धरलं की ते शेवटी फाटलं. पण हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शालिकराम छोट्या लाइनीच्या गाडीनं गोंदियाकडं निघाला. मांडीवर बत्तीस दातांचा डबा होता.

दहाव्या दिवशी पत्र आलं. शालिकराम बोले मराठी, पण लिही हिंदी; इथल्या शाळेत तीच शिकवत. डोमाजींना अक्षर येत नव्हतं. साधना एकेक ओळ मनात वाचून मराठीत सांगू लागली.

"नंबर लागला, मामाजी!"

डोमाजींनी पेजेची वाटी खाली ठेवली. देवळीकडं बघून हात जोडले. मग म्हणाले, "दाढेचं काय म्हणते?"

साधनाची नजर पुढच्या ओळीवर होती. 'वहिनी, यहाँ सीटें ज़्यादा और लड़के कम हैं। नाम पूछा और भर्ती कर लिया। डिब्बा किसी ने खोला ही नहीं। बाबा को मत बताना।'

"म्हणते..." साधनानं कागद डोळ्यांजवळ धरला. "म्हणते, मोठ्या साहेबानं डबा उघडला. तुमची दाढ चिमट्यात धरून उजेडात पाह्यली. 'ही कोणाची?' 'माह्या बापाची,' शालिक म्हणे. साहेब खुर्चीवरून उठून उभे राह्यले."

"उभे राह्यले?"

"हौ."

"अजून एक डाव वाच."

दुसऱ्यांदा वाचताना साहेब दोन झाले. डोमाजींनी अंगणाच्या कुडावरून हाक मारून मैनाबाईला बोलावलं, महागूला बोलावलं. टिकाराम आपोआप आला. पुन्हा वाचन झालं. मैनाबाईनं आपल्या दातांचं विचारलं. ते कपाटात काचेखाली ठेवल्याचं निघालं. महागू दाराशीच उभा होता. तो पडत्या आवाजात म्हणाला, "अन् माह्या सुळ्याचं काई?"

"त्याले तर," साधना म्हणाली, "सगळ्यायनं हात लावून पाह्यलं."

महागू आत येऊन बसला. डोमाजींचं बोळकं तोंड असं फुललं होतं, की साधना पत्र विसरून तिकडंच पाहू लागली. ते तिच्या हातून घसरून मांडीवर पडलं.

सरिता हल्ली दिसेल त्यावर बोट ठेवून वाचायची. दुकानाच्या पाट्या, काडेपेट्या, काहीही. तिनं पत्र उचललं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिचं बोट सरकत गेलं, मग कागद उलटवून मागच्या कोऱ्या बाजूवरूनही फिरलं.

"आई," तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब उभे राह्यले, ते कुठं लिवलं हाय?"