सोनेरी किनार

चारुलताने मोबाइल नाकासमोर धरला तेव्हा हेमकांतच्या तोंडात भाकरीचा घास होता, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मोबाइलवर कुणाच्या तरी बागेचा फोटो होता. फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंनी पिवळ्या, नारिंगी, केशरी फुलांची किनार.

"अशी. अगदी अशीच," ती म्हणाली. "गेल्या वर्षी बागेच्या स्पर्धेत रुचिकाने ढाल नेली. तेव्हापासून मला चहाला बोलावते आणि बरोबर त्या ढालीसमोर बसवते. यंदा सव्वीस जानेवारीला ती ढाल आपल्या घरात पाहिजे. नर्सरीतून रोपं आणशील ना?"

हेमकांतने मान डोलावली आणि कॉलेजच्या परीक्षांचे पेपर तपासता तपासता रोपं विसरला. आठवलं तेव्हा त्याने काम वडिलांवर ढकललं. लोटनआप्पा गावची शेती धाकट्या मुलाकडे सोपवून नुकतेच बायकोसह शहाद्याला राहायला आले होते, आणि हाताला काम नसल्यामुळे रोज अंगणातला नळ दुरुस्त करत होते. ते यायच्या आधी नळ चांगला होता.

"आप्पा, फाटकपाईन पायरीलगून दोन्ही बाजूले किनार लाई द्या. फुलं पिवळीधम्मक जोयजेत."

"किनार कशी लावतस हाई तू माले शिकाडशी का?" असं म्हणून आप्पांनी जन्मभर शेताच्या कडेला जे पेरलं तेच पेरलं. कर्डई. फूल पिवळंधम्मक आणि काटा असा की ढोर तोंड लावत नाही. त्याखेरीज किनारीला दुसरं काही काम असतं, हे आप्पांच्या ऐकिवात नव्हतं.

कोवळ्या कर्डईला काटे नसतात. चारुलताला ती कुठलीशी विलायती फुलझाडं वाटली. तिने कॉलनीच्या ग्रुपवर 'सोनेरी किनार, लवकरच' असं टाकूनही दिलं. मग एका संध्याकाळी ताटात हिरवीगार पालेभाजी आली. तिने दोनदा मागून घेतली.

"आई, काय चव आहे! कुठून आणली?"

"कोठून म्हंजे?" सासूबाई म्हणाल्या. "तुन्हाच बागनी शे."

चारुलता भरल्या ताटावरून उठून बाहेर धावली. एकाही रोपाला शेंडा नव्हता.

"खुडं म्हंजे फुटवा येतस," आप्पांनी नळापासून धीर दिला. "आते दाट व्हई."

दुसरं काही लावायला उशीर झाला होता. त्यानंतर चारुलता हेमकांतशी फक्त कामापुरतं बोलू लागली, आणि काम काही निघेना.

आप्पा म्हणाले तशी कर्डई दाट झाली. जानेवारीत छातीएवढी झाली आणि फुलली. उमलताना पिवळी, मग नारिंगी, सुकताना केशरी. हुबेहूब फोटोतली किनार! चारुलता पुन्हा बोलू लागली. आता काट्यांमुळे पुढच्या दाराने कुणी येऊ शकत नव्हतं आणि दूधवाला पिशवी रस्त्यावरूनच फेकत होता, पण या बारीकसारीक गोष्टी होत्या. कॉलनीत एक मोकाट बैल होता. सगळे त्याला 'सभापती' म्हणत. फाटकाची कडी नाकाने उघडून तो प्रत्येकाची बाग चाखून बघे. त्यानेही इथे एकदा नाक खुपसलं आणि विचार करत परत गेला.

सव्वीस जानेवारीला हेमकांतने दोन्ही बाजू सुतळीने मागे बांधून वाट मोकळी केली. परीक्षक होते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक धर्मेंद्र सर. थंडी होती, म्हणून अंगात बायकोने विणलेला लोकरीचा स्वेटर होता.

"वा! सूर्यास्ताच्या सगळ्या छटा!" वाटेच्या मध्यावर उभं राहून सरांनी हात पसरले. त्यांचे हात दोन्हीकडच्या सुतळ्यांना लागले आणि हेमकांतच्या गाठी सुटल्या. दोन्ही किनारी सरांना कडकडून भेटल्या.

सर पुढे सरकले. स्वेटर मागेच थांबला.

"हलू नका सर, उसवेल!"

"मग करू काय?"

"विळा आणतो," हेमकांत म्हणाला.

"थांब!" चारुलता ओरडली. "किनारच कापली तर गुण कशाला देणार? सर, आधी निकाल सांगा, मग विळा."

"वहिनी, ही सरळसरळ जबरदस्ती झाली."

"छे हो! चहात साखर किती घालू?"

कप लांबून, काठीला ट्रे बांधून द्यावा लागला. दुसऱ्या घोटाला सरांनी कर्डईतूनच निकाल जाहीर केला. पहिला क्रमांक, चारुलता. फाटकाबाहेर जमलेल्या कॉलनीने टाळ्या वाजवल्या आणि विळा चालला. आप्पांनी तोंड फिरवलं.

"आतेच तं दाना भराले लागना व्हता!"

संध्याकाळी ढाल आली. सोबत बक्षीस म्हणून झेंडूची ट्रेभर रोपं आली, तीही सोनेरी. सर जिथून सुटले त्या मोकळ्या जागेत चारुलताने ती हौसेने लावली. मग तिने रुचिकाला सकाळच्या चहाचं बोलावणं धाडलं आणि खुर्ची कुठे ठेवायची तेही ठरवलं.

सकाळी रुचिका आली ती फाटकातच थांबली. कडी उघडी होती. आत सभापती शांतपणे शेवटचं रोप चघळत होता.

"अगंबाई," रुचिका म्हणाली, "बक्षीस यानेच घेतलं का?"

 चारुलता तडक नळापाशी गेली.

"आप्पा, बी उरलंय का हो?"

"शे ना," म्हणत आप्पा पान्हा खाली ठेवून उठले. पेरणीला अजून आठ महिने होते, पण त्या दिवसापासून नळ गळायचा थांबला.