माणूस नाय तर दिवो कित्याक?

आमच्या मुलुंडच्या सार्वजनिक वाचनालयातले शिपाई गावडेमामा चपला मोजायचे. वाचनकक्षात चपला घालून जायचं नाही, हा जुना नियम. त्यामुळे दारात चपला नाहीत म्हणजे आत माणूस नाही, असा मामांचा हिशेब. लगेच खटाखट बटणं बंद. "माणूस नाय तर दिवो कित्याक?" हे मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले त्या दिवसापासून ऐकतेय.

एकदा आमच्या अध्यक्षांनी नव्या कोऱ्या कोल्हापुरी चोरीला जातील म्हणून पिशवीत घालून आत नेल्या. मामांनी अंधार केला. आतून "अरे, मी आहे इथे!" अशी आरोळी आली, तर मामा शांतपणे म्हणाले, "मगे चपला खंय आसत?"

नळाला कान लावून थेंब ऐकणाऱ्या या माणसाच्या हयातीत अखेर सुधारणा आल्या. दाबून सोडला की आपोआप बंद होणारे नळ, आणि हालचाल दिसली तरच लागणारे सेन्सरचे दिवे. मला वाटलं, मामा खट्टू होतील. छे! आठवडाभर रिकाम्या खोलीत उभं राहून कधी करंगळी हलव, कधी भुवई उडव, असे त्यांचे प्रयोग चालले होते. "मॅडम, भुवयेक गावना नाय. हात हलवूक व्हयो," असा अहवालही मला मिळाला.

पण शेजारी टॉवर उभा राहिल्यापासून आमच्याकडे भर दुपारीही दिवा लागतो, आणि दुपारी येतात कर्णिक आजोबा. ऐंशीच्या घरातले, एकटे राहणारे. पेपर समोर धरला की जागचे हलत नाहीत. सेन्सरला ते दिसेचनात. पहिल्या दिवशी दिवा तीनदा गेला, तिन्ही वेळा त्यांनी हात हलवून आणला. चौथ्यांदा पेपरची घडी घातली आणि निमूट घरी गेले. मग दोन दिवस आलेच नाहीत. दिव्यांच्या कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, हालचाल थांबल्यावर दिवा विझायची वेळ वरून ठरलीय, बदलता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी मामा स्वतः जाऊन आजोबांना घेऊन आले. आणि दुपारभर, दर पाच मिनिटांनी, फडका घेऊन त्यांच्याजवळचं एकच कपाट पुसत राहिले. दिवा एकदाही गेला नाही.

मी चिडवलं, "मामा, वीज फुकट चाललीय हं!"

"माणूस आसा मां? मगे दिवो नको?" ते फटकन म्हणाले. मग फडका झटकत, हळूच, "बायल गेल्यापासून घराकडे मी बसान आसतंय, तां कोणाक दिसना नाय. हयसर तरी तसा नको."

इतकी वर्षं त्यांच्या चपला मोजण्याला हसले, पण बायको गेल्यावर घरी कोण असतं हे कधी विचारलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मामा रिटायर झाले. त्यानंतरच्या सोमवारी दुपारी दारात चपलांचे दोन जोड दिसले. आत कर्णिक आजोबांसमोर मामा पेपर धरून बसलेले. दोघेही ढिम्म. बघता बघता दिवा गेला.

मी टेबलावरून उठले, फडका घेतला आणि ते कपाट पुसायला गेले.