मिक्सर-दुरुस्तीची सावेडी पद्धत

बंद पडलेल्या यंत्राभोवती किती माणसं जमावीत, हे त्या यंत्राची माहिती किती जणांना आहे यावर अवलंबून नसतं. जानेवारी १९९६ मध्ये सावेडीच्या एका बालवाडीच्या स्नेहसंमेलनात हे निर्विवाद सिद्ध झालं. माहिती असणारे शून्य, जमलेले चौदा.

बंद पडला होता मिक्सर. (चटणीचा नव्हे, माइकचे आवाज कमी-जास्त करून भोंग्याकडे पाठवणारा, बटणांचा.) श्रीरामपूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून शाळेने तो घेतला, तेव्हा सोबत दुरुस्तीची पुस्तिका नव्हती. शाळेने कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. रीतसर उत्तर आलं, की पुस्तिका फक्त अधिकृत दुरुस्ती केंद्रालाच मिळते, आणि अधिकृत केंद्र म्हणजे ज्याच्याकडे पुस्तिका आहे ते. उत्तर इतकं निर्दोष होतं की मुख्याध्यापिकांनी ते फाइलला लावलं आणि विषय मिटला.

आता यशोधरा. बी.एस्सी., पदार्थविज्ञान, आणि साडेचार वर्षांच्या निकिताची आई. घरातल्या प्रत्येक प्लगला तिने चिकटपट्टी लावलेली होती (इस्त्री करायची तर नवऱ्याला आधी नखं वाढवावी लागत). त्या दुपारी ती दीड तास आधी आली. स्टेजमागे पाण्याच्या पिंपाजवळ एक्स्टेंशन बोर्ड दिसला, त्यात सोललेल्या वायरची एक पिन दिसली. निकिताचा हात घट्ट धरून तिने ती उपसून ठेवली. पंख्याची असावी, असं तिचं मत होतं. पंखा मात्र फिरत राहिला.

मिक्सर गेला, असा पुकारा झाला तेव्हा तिला उलगडा झाला. निकिताचं गाणं पहिलंच होतं, आणि पोरीचा आवाज एवढा बारीक की घरी ती पाणी मागायची तेव्हा आईला ओठ वाचावे लागत. माइकशिवाय ती नुसतं तोंड हलवून खाली उतरणार होती. महिनाभर पाठ केलेलं सगळं हवेत.

यशोधरा लगबगीने बोर्डाकडे निघाली आणि थबकली. मोटार वाइंडिंगवाल्या गोरक्षनाथचे दोन्ही हात मिक्सरच्या पोटात होते.

"पंपाची मोटार काय अन् ह्ये काय," गोरक्षनाथ फुंकर मारत म्हणाला, "आतनं वल धरलीय. दुसरं काय न्हाई."

"भाऊ, पिन बघितलीत का?" तिने चाचपून पाहिलं.

चौदाही जणांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. पिन अडाणी माणूस बघतो. शिवाय शेजारच्या ॲम्प्लिफायरचा लाल दिवा जळत होता.

"लाइट हाय की, ताई," अध्यक्ष काकासाहेब म्हणाले. "तुमी पोरीची वेणी बघा."

पेच असा होता: पिन लावावी तर गोरक्षनाथला शॉक, न लावावी तर निकिता मुकी. झाकण बंद झाल्याशिवाय पिन लावता येत नव्हती, आणि मिक्सर सुरू झाल्याशिवाय गोरक्षनाथ झाकण लावणार नव्हता. खरं सांगून टाकण्याचा मार्गही तिने तपासला. पण 'मुलांना वायरींपासून जपा' हे पंचवीस मिनिटांचं भाषण मागच्या पालकसभेत तिनेच ठोकलं होतं. मार्ग रद्द.

दरम्यान दुरुस्ती जोरात होती. तापवलेल्या फडक्याने शेक देण्यात आला. बटणं सरकावीत म्हणून मेकअपच्या पेटीतली पावडर टाकण्यात आली. (एकूण फुंकरी एकशे दहा, अध्यक्षीय चापट्या नऊ, सल्ले मोजलेले नाहीत.)

शेवटी पदवी कामी आली.

"भाऊ, ह्या मॉडेलचं झाकण म्हणजेच त्याचं अर्थिंग," यशोधरा गंभीरपणे म्हणाली. "उघडं आहे तोवर कंपनीचा साहेब आला तरी सुरू व्हायचं नाही."

गोरक्षनाथने क्षणभर विचार केला. "व्हय. मी तरी मगाधरनं काय म्हनत हुतो?"

झाकण लागलं. निकिताला शेजारी उभी करून यशोधरा पाणी प्यायला पिंपाजवळ वाकली, पर्समधली चिकटपट्टी सोललेल्या जागी गुंडाळली आणि पिन लावली. त्याच क्षणी काकासाहेबांनी दहावी चापट मारली. भोंगा 'कुंईऽ' करून जिवंत झाला.

चिटणिसांनी तिथल्या तिथे पद्धत लिहून काढली: शेक, पावडर, झाकण, अध्यक्षांची दहावी चापट (डावीकडून), आणि त्याच वेळी एका पालक महिलेने पाणी पिणे. पुढे जिल्ह्यातल्या अकरा शाळांनी प्रत मागवली. कोपरगावहून कळवण्यात आलं, की पद्धत खात्रीची आहे. महिला नवीन असल्याने दोनदा पाणी प्यावं लागलं.

निकिता स्टेजवर आली. माइक तोंडाशी आला. समोर तीनशे पालक. तिने आईकडे पाहिलं, आणि सगळ्या सावेडीला ऐकू जाईल असं विचारलं, "आई, मग आधी तू ती पिन का काढली होतीस?"

यशोधराने चिकटपट्टी पर्समध्ये आणखी खोल ढकलली.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा! शब्द न् शब्द कळतोय!" काकासाहेब उभे राहून म्हणाले. गोरक्षनाथने मिक्सरच्या पाठीवरून हात फिरवला. यशोधराने पदराने घाम पुसला आणि तीही टाळ्या वाजवू लागली. निकिताने गाणं म्हटलंच नाही, ही बाब कुणाच्या ध्यानात आली नाही. स्पष्ट उच्चारांचं बक्षीस तिलाच मिळालं.

हे कुणाला अतिशयोक्त वाटत असेल, तर त्यांनी आपल्या मुलाच्या गेल्या संमेलनातलं, त्याच्या तोंडचं एक वाक्य आठवून पाहावं. आठवल्यास जरूर कळवावं. पत्ता दिलेला नाही, कारण पत्रं येतील अशी अपेक्षा नाही.