शून्य गुणांचा रुग्ण

ऑस्ट्रेलियातल्या पश्चिम क्वीन्सलंडमधल्या आमच्या रुग्णालयात दारू सुटताना रुग्णाला होणाऱ्या त्रासाला दर चार तासांनी गुण दिले जातात. घाम, थरथर, मळमळ, घाबरेपणा. बेरीज दहावर गेली की औषध. पूर्वी नर्स डोळ्यांनी पाहून गुण द्यायची. त्यात पूर्वग्रह असतो, असे रुग्णालयाच्या समितीच्या निदर्शनास आले. तेव्हापासून फक्त रुग्णाचा शब्द ग्राह्य धरला जातो आणि नोंदणी कारकून या नात्याने मी तो लिहून घेतो.

डेल प्रिचेट आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरत आला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो दोन दिवस दारूविना राहिला होता. आमच्याकडच्या पुरुषांचा एक पाय मोडला, तर दुसरा शाबूत असल्याचे ते आधी सांगतात.

"मळमळतंय का?" नोलीन सिस्टरने विचारले.

"छे गं, मजेत आहे," ओकारीच्या भांड्यातून तोंड वर काढून डेल म्हणाला.

"हात थरथरतात?"

"अजिबात नाही." कपातला चहा एव्हाना चादरीवर होता.

"छतावर काही दिसतं?"

"मेंढ्या आहेत. पण शांत आहेत बिचाऱ्या, त्रास नाही."

बेरीज शून्य. नोलीन तडक व्यवस्थापक ब्रेंटकडे गेली.

"त्याला झटका येईल, ब्रेंट. मरेल तो!"

"मग त्याला तसं म्हणू दे ना. शून्यावर औषध दिलं तर वर काय सांगू मी?"

नोलीन परत आली आणि खाटेवरच टेकली. "डेल, समज, शेजारच्या खाटेवर तुझा एखादा दोस्त असाच घामानं भिजून कापत पडलाय. मग?"

डेल ताडकन उठून बसला. "अगं, मग बसलीस काय? औषध दे की त्याला! जीव जाईल माणसाचा!"

दोस्ताची बेरीज बावीस झाली. औषध डेलला मिळाले. तिसऱ्या दिवशी त्याने दोन टोस्ट खाल्ले, तेव्हा मला खरोखर बरे वाटले.

समितीलाही पद्धत पसंत पडली. प्रत्येक रुग्णाशेजारी संदर्भासाठी एक खाट रिकामी ठेवण्याचा आदेश निघाला. त्यामुळे निम्मे रुग्ण घरी गेले आणि निम्म्या नर्सही कमी झाल्या. मग कर्मचाऱ्यांचे हाल तर होत नाहीत ना, याची पाहणी झाली. सलग चौदा तास उभी असलेली नोलीन भिंतीला टेकून म्हणाली, "मजेत." तिचेही शून्यच लिहिले. शेजारच्या नर्सबद्दल तिला कोणी विचारले नाही. शेजारी नर्सच उरली नव्हती.

आता ही पाहणी सर्वसामान्य नागरिकांपर्यंत न्यायची आहे. बोला, तुमचं कसं काय चाललंय?

मजेत? बरं. शून्य लिहितो.